पऱ्हाटीचा थर

फोटो मोठा करायला नको होता, असं वंदनाला नंतर वाटलं. अहवालाच्या शेवटी लावायचे म्हणून बोअरवाले जे फोटो काढतात ते कुणी कधी नीट पाहत नाही. लोखंडी तिवई, दोराला टांगलेला हातोडा, बाजूला नळ्यांत भरलेले मातीचे नमुने आणि मागे उभा कापूस, एवढंच त्यांत असतं. तिसऱ्या बोअरचा फोटो छापल्यावर फार काळा येत होता, म्हणून तिने तो उजळला, जरा ओढून मोठा केला, आणि डाव्या कोपऱ्यात, तिवईपासून बरेच लांब, शेंदराचे ठिपके दिसले. एका ओळीत सात. माऊसवरचा हात आपोआप उचलला गेला आणि दोन्ही हात जुळले. समोरच्या टेबलावर इंगळे सर अडकित्त्याने सुपारी कातरत होते; त्यांचं लक्ष नव्हतं. हात जुळल्यावर मन शांत व्हायला हवं होतं, रोज होतं तसं. ते झालं नाही. ते आतून एकच विचारत राहिलं, की या सातजणी इथे कोरड्या वावरात कशा बसल्या, पाणी कुठे आहे.

अहवाल तयार होता. उंद्रीच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून आत असलेल्या एका गावासाठी पाण्याची उंच टाकी. गोल रिंगणात सहा खांब, आणि प्रत्येक खांबाखाली जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे चार दंड. पाइल म्हणतात त्यांना. चार पाइल, त्यांच्या डोक्यावर काँक्रीटची जाड टोपी, टोपीवर खांब, आणि सगळ्यांच्या वर गावाचं पाणी. वरची माती काळी, कपाशीची. पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात मनगटापर्यंत हात जाईल अशा भेगा देते, तिच्यावर कुणी काही ठेवत नाही. तिच्याखाली पिवळट चिकट माती, मग मुरूम, मग कच्चा दगड. हे थर एकेक करून संगणकाला सांगावे लागतात. प्रत्येकाची जाडी, वजन, चिकटपणा, दाबल्यावर तो किती दबेल. मग तो जमीन आपल्या आत मांडतो आणि टाकी भरून पाहतो. हे सॉफ्टवेअर चालायला अंगठ्याएवढं कुलूप, डोंगल, संगणकाच्या मागे खोचावं लागे. ते सरांच्या खणात असायचं, दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागायचं, आणि त्याच्या खाचेत अजून थोडी हळद होती. वंदनाला ते काम आवडायचं. बोलावं लागत नाही म्हणून आवडायचं, असं ती स्वतःशी म्हणे. पण खरं म्हणजे त्यातलं एक तिला पहिल्यापासून चटका लावून गेलं होतं. एकेकट्या चार पाइलना मिळून जेवढं झेपतं तेवढं जवळजवळ उभ्या केलेल्या चारांना झेपत नाही. त्यांच्याखालची माती एकच होऊन जाते. एकटा असता तर जेवढा खचला असता त्याहून जास्त तो घोळक्यात खचतो, कारण तो शेजाऱ्याच्या भारानेही खचतो. कॉलेजात हे सूत्र म्हणून फळ्यावर आलं होतं आणि तिने ते मान खाली घालून उतरवून घेतलं होतं. मग एका वर्षी सुट्टीत मेहकरला घरी गेली तेव्हा सगळ्या शिवारात कपाशी लाल पडलेली होती, या वावरात आणि त्या वावरात सारखीच लाल, कारण सगळ्यांनी एकाच पुडीतलं बियाणं लावलं होतं. आणि बसच्या खिडकीतून ते पाहताना तिला फळ्यावरचं सूत्र आठवलं होतं. का आठवलं ते तेव्हा कळलं नव्हतं. आताही पूर्ण कळलं होतं असं नाही.

साती आसरा, पाण्याच्या सात देवी, पाण्यापासून दूर बसत नाहीत, हे आईचं वाक्य. मेहकरला पैनगंगेच्या काठी आई तिला न्यायची; वाटीत दहीभात, पदराखाली हिरव्या बांगड्या, डबीत काजळ. सात दगड, त्यांना सात बोटं काजळाची. आई पाण्याशी बोलायची नाही, फक्त बघायची, आणि परत येताना म्हणायची, वंदे, पाण्याला नमस्कार केल्याशिवाय तोंडाला लावू नको. तो नेम तिथूनच लागला. नदी असताना तो सोपा होता. बुलढाण्यात लग्न करून आल्यावर नदी राहिली नाही. नळ कधीमधी येतो, आला की अख्खी गल्ली बादल्या घेऊन धावते, आणि मग न्हाणीच्या कोपऱ्यातला निळा प्लास्टिकचा ड्रम हेच काय ते पाणी. सकाळी सूर्याला अर्घ्य, तुळशीला प्रदक्षिणा, आणि मग ड्रमचं झाकण काढून नमस्कार. नवरा सुरुवातीला हसला होता. "ड्रमले काऊन नमस्कार? तो एजन्सीवाल्याकून आणला आपण," असं म्हणाला होता. पुढे तोही झाकण काढताना जरा हळू काढू लागला.

तिने नौशादभाईंना फोन लावला. बोअरचं काम सगळ्या तालुक्यात तेच करायचे. चिखलीचे, वयस्क, बोलताना मध्येच थांबून दुसऱ्याला वाट देणारे.

"नौशादभाई, तिसरं बोअर कुठे घेतलं होतं?"

"आखणीची खुटी होती तिथंच." थोडं थांबून ते म्हणाले, "म्हंजे जरा हटून, मॅडम. खुटीवर तुमच्या आसरा हायेत. देवाच्या टकुऱ्यावर हातोडा कसा मारू? पोट्टे बी म्हणे, चाचा, नका लावू. म्हणून मशीन सरकवली."

"किती सरकवली?"

"असन तिवईच्या दोन लांब्या. वावर त येकच हाय ना. माती सारखीच राह्यते." पुन्हा थांबले. "गलती झाली का?"

"नाही," ती म्हणाली. "गलती नाही झाली."

फोन ठेवून तिने पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर सगळं हिरवं होतं. चार-चार पाइलचे सहाच्या सहा घोळके मर्यादेत, टाकी सरळ. काही न बोलता अहवाल छापायला टाकला असता तर संध्याकाळपर्यंत गेला असता. बोलण्यासारखं तिच्याजवळ होतं तरी काय? आईचं एक वाक्य. एका माणसाने दुसऱ्याच्या देवाचा मान राखला आणि म्हणून नको त्या जागची माती हाती आली, याला चूक म्हणायचं तर कुणाची? आणि दुसरं एक टोचत होतं, ते जास्त. आजवर तिने देवाला कामात कधी ओढलं नव्हतं. देव पहाटेचा, काम दहानंतरचं; मध्ये रिक्षास्टँडपर्यंतचा उतार. आता देवालाच साक्षीला उभं करायचं, याच्याखाली काय आहे ते सांग म्हणायचं, हे तिला पूजेचं भांडं दुकानात तोलायला नेल्यासारखं वाटलं.

तरी ती उठली आणि सरांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. हळू बोलायची सवय. सरांना अडकित्ता थांबवावा लागला.

"आसरा आहेत म्हणून विहीर असलीच पाहिजे, हे कोणत्या कोडमध्ये आहे मॅडम?" इंगळे सर म्हणाले. ते रागावले नव्हते. त्यांची बायकोही नवरात्रात अनवाणी चालायची. "तिसऱ्या खुटीखाली बुजलेली विहीर असन, तर दोन घोळके तिच्यात उतरतेत. मान्य. पण मी वर काय सांगू? सातजणींनी सांगितलं म्हणून? माती दाखवा. नाहीतर सरपंच गायरान द्यायले तयारच आहेत, टाकी तिकडं नेऊ. कटकट नाही."

टाकी गायरानात गेली तर काय बिघडतं, हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी कळलं.

पौष होता. वावरात फरदडीचा, मागच्या बहरासाठी राखलेला कापूस उभा, वेचून झालेला, बोंडांच्या रिकाम्या कवट्या उन्हात कडक. नौशादभाईंनी तिवई उभी केली होती, पण दगडांपासून लांब, पाव्हण्यासारखी. दगडांपाशी एक म्हातारी बसली होती, कपाळावर मोठं गोंदण, पदर कानामागे खोचलेला. जमीन देणाऱ्या रामराव पाटलांची बायको, गोजरबाई. वंदना जवळ जाऊन खाली बसली आणि तिने आधी सातांना हात जोडले. म्हातारीने ते पाहिलं.

"टाकीवाली का वं तू?"

"हो."

"पोट्टी दिसतं. म्या म्हटलं कोनी जाडजूड बाई असन." मग नौशादभाईंकडे हनुवटी करून, "हा चांगला हाय. मांगच्या खेपेले चप्पल काढून आलता."

"इथे विहीर होती का, माय?"

गोजरबाईने दगडांवरचं एक वाळलेलं पान उचललं. ते ठेवायला जागा नसल्यासारखं हातातच धरलं. "होती ना. बांधीव होती. लहान घेराची, पण पाणी गोड. माह्या सासऱ्यानं खोदली. आटत आटत गेली. मंग ते लाल्याचं साल आलं. नवं बियाणं, पुडीवर बोंडं अशी मोठाली. साऱ्या गावानं तेच लावलं. दसऱ्यापत्तोर हिरवं होतं, देखणं होतं. मंग पानं लाल. बोंडं अर्धी उमलली, अर्धी तशीच. मालक येक दिवस वावरातून आले अन म्हणे, येक बोंड वेचायचं नाई, उपटा. म्या म्हटलं, निदान पऱ्हाटी त जळतनाले आना, चूल त पेटन. नाई म्हणे. घरात काडी आनायची नाई. साऱ्या पऱ्हाट्या त्या कोरड्या विहिरीत कोंबल्या. वरून गड्यायनं माती लोटली."

"बोंडांसकट?"

"बोंडांसकट."

नौशादभाई थोड्या अंतरावर उकिडवे बसून ऐकत होते. त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढून पुन्हा बांधला.

"आणि या?" वंदनाने दगडांकडे पाहिलं.

"काठावर होत्या. त्यायले कुठं नेतं? मधात आनून बसवल्या. पाणी नसन, जागा त तीच हाय." म्हातारी हसली, दात नसलेलं हसू. "दरसाल इथली माती बसते. मालक दरसाल टोपलंभर टाकते अन मले म्हणते, तुह्या बाया खाऊन राह्यल्या. आता त्यायले कमी दिसते, म्हणून म्याच टाकतो. म्हणून त टाकीले हे वावर देल्लं. पंच गायरान म्हणत होते. म्या म्हटलं, नाई, इथंच. पाणी खालून गेलं त गेलं. वरून त येईन यायच्या डोक्यावर. कोरड्यात किती साल बसाव त्यायनं?"

काय पणाला लागलं आहे ते आता वंदनाला पूर्ण दिसत होतं, आणि तिने ते स्वतःच्या हाताने लावलं होतं. फोटो उजळला नसता तर टाकी इथेच झाली असती. तिच्या दोन पायांखाली एका हंगामाची कपाशी कुजत राहिली असती, टाकी भरली असती, आणि एखाद्या वर्षी तिकडे झुकली असती जिकडे शाळा आहे. आता माती दिसली की सर गायरान म्हणतील. आणि ही बाई टोपलंभर माती टाकत राहील.

"इथे बोअर घ्यावं लागेल, माय," ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला की तिला तो पुन्हा काढावा लागला. "बरोब्बर इथे."

नौशादभाई उठले. "तुम्ही म्हणसान त लावतो मॅडम. पन यायले हात म्या नाई लावनार."

गोजरबाईने वंदनाच्या हाताकडे पाहिलं. "तू उचल. हिरव्या बांगड्या हायेत तुह्या हातात. सवाष्नीनं उचललं त त्या रागवत नाईत."

सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं, पौषातल्या रविवारचा उपास होता. दगड वाटले होते त्याहून हलके निघाले. नदीतले, गुळगुळीत, आणि खालची बाजू थंड. उन्हात बसलेला दगड खालून इतका थंड असतो याचं तिला आश्चर्य वाटलं, आणि मग त्या गारव्यात ओल आहे का ते तिचा अंगठा तपासू लागला. ते लक्षात येताच तिला लाज वाटली. सातवा उचलताना तिने डोळे मिटले. म्हातारीने पदर पसरला होता. त्यात ते एकावर एक न ठेवता शेजारी शेजारी ठेवले.

हातोडा पडू लागला. इतर ठिकाणी नळी मातीत शिरायला ठोके खावे लागतात. खाली जाल तसे जास्त. इथे वरची काळी माती संपली आणि नळी ठोक्याची वाट न पाहता, हातोड्याच्या नुसत्या वजनाने खाली गेली. दोर पकडलेला माणूस पुढे ओढला गेला. नळी वर काढून उघडली तेव्हा आत काळी पडलेली पऱ्हाटी होती, ओली, चेपलेली, मधेमधे मोकळी, आणि वास कुजल्याचा नाही, गोठ्यामागच्या उकिरड्यासारखा गोडसर. नौशादभाईंनी खिळ्याने ती जरा उकलली. एक बोंड निघालं, अर्धं उमललेलं. त्यात कापूस होता. करडा झालेला, पण कापूसच.

गोजरबाईने ते घेतलं. एका हाताने पदर सांभाळत, दुसऱ्या हाताच्या बोटांनी तिने त्यातली चिमूट ओढली आणि मांडीवर टेकवून, वात वळतात तशी वळली. बोटांना सवय होती. वात अर्ध्यात तुटली.

"हे त्या साली घरात आलंच नव्हतं," ती म्हणाली.

नौशादभाईंनी मग चारी बाजूंनी थोडं थोडं सरकून जमीन चाचपली, जिथे बांधीव काठाचा दगड लागला तिथे खुट्या रोवल्या. खुट्यांचं एक लहान रिंगण झालं. वंदनाने दगड परत ठेवायला हात पुढे केला तर म्हातारीने पदर मागे घेतला.

"उचलल्या ना आता. उचललेल्या आसरा कोरड्यात बसवत नाई. पाण्यापाशी न्या लागते."

"मग?"

"तुह्या घरी पाणी असन ना, शहरात?"

वंदनाच्या डोळ्यांसमोर निळा ड्रम आला. ती हो म्हणाली.

"मंग ने. टाकी भरली का आनून दे." आणि सातही दगड तिच्या पिशवीत, डबा आणि टेपच्या मधे, एकेक करून ठेवताना म्हातारी प्रत्येकाला काहीतरी पुटपुटली. शेवटी वर पाहून म्हणाली, "इथंच करसान ना वं टाकी?"

"बघते," वंदना म्हणाली.

सोमवारी तिने जमीन नव्याने मांडली. काळी माती, मग तो थर, मग विहिरीचा तळ, मुरूम, कच्चा दगड. सॉफ्टवेअर थराचं नाव विचारतं. यादीत चिकणमाती होती, वाळू होती, गाळ होता, खडक होता. तिने यादी बंद केली आणि रोमन अक्षरांत पऱ्हाटी असं लिहिलं. मग ते विचारतं, हा थर किती भार घेईल, बाजूने किती आधार देईल. ती थांबली. बोटं तयार होती, मन तयार नव्हतं. काहीतरी घेत असेलच की. इतकी वर्षं म्हातारीचे देव त्याने धरून ठेवले होते. पण ज्याची खात्री नाही त्याचा आधार धरायचा नाही, हा या कामाचा पहिला नियम. तिने दोन्ही रकान्यांत शून्य घातलं. टाकी भरली. दोन घोळके लाल झाले, आणि चित्रात टाकी वाकली. चित्र शंभर पटींनी वाकवून दाखवतात, तरीही ती पाहवली नाही.

मग तिने टाकीचा मध्य उचलला आणि खुट्यांच्या रिंगणात, जिथे सात दगड होते तिथे नेऊन ठेवला. सहाही खांब विहिरीच्या काठाबाहेर गेले, न खोदलेल्या जमिनीत. आतल्या बाजूने आधार शून्यच ठेवला, पाइल दगडात आणखी खोल उतरवले, बसणारी माती त्यांना खाली ओढेल तो भारही वरून दिला. संगणक बराच वेळ फिरत राहिला. तिने तोवर डोळे मिटले नाहीत, देवाचं काही म्हटलं नाही. एवढं तरी वेगळं ठेवावं असं तिला वाटलं. मग एकेक घोळका हिरवा झाला.

इंगळे सर पाठीमागे येऊन उभे होते. "हे काय लिहिलं?"

"थर आहे, सर."

त्यांनी ते वाचलं. मग पेन्सिलीने पडद्यावरच्या रिंगणाचा मध्य दाखवला. "मधात पोकळ ठेवायचं अन भोवती उभं करायचं? गायरान सोपं आहे, मॅडम."

"विहीरही तशीच असते, सर," ती म्हणाली.

सरांनी सुपारीचा तुकडा गालातून गालात नेला. पुन्हा एकदा आकडे पाहिले, सगळ्यात लाल व्हायच्या बेतात असलेला घोळका कोणता ते विचारलं, तिने सांगितला, आणि मग ते जाऊन आपल्या खुर्चीत बसले. "खोली वाढली म्हणून वरून विचारतील. तुम्हीच उत्तर लिहा," ते म्हणाले. "आसरा लिहू नका. विहीर लिहा."

टाकीला अजून वेळ आहे. सात दगड न्हाणीच्या कोपऱ्यात, ड्रमला लागून, पाटावर आहेत. नवऱ्याने पहिल्या दिवशी विचारलं, तिने सांगितलं. तो ऐकून आंघोळीला जाताना चप्पल बाहेर काढू लागला. नळ या खेपेला लांबला. ड्रममध्ये भांडं खाली खाली जात चाललं, गल्लीत टँकरच्या गोष्टी सुरू झाल्या. काल सकाळी अर्घ्य देऊन ती आत आली, झाकण काढलं, नमस्कार केला. तळाला तांब्याभर पाणी होतं, निळ्या प्लास्टिकमुळे उगाच खोल वाटणारं. हाती तांब्या होता. घसा कोरडा होता. ड्रमला लागून सातजणी बसल्या होत्या. तिने झाकण परत लावलं आणि शेजारणीकडे पाणी मागायला गेली.